तिकीट असू द्या, हिशेबही असू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतही लघुपटांचे आणि स्वतंत्र चित्रपटांचे छोटे महोत्सव भरू लागले आहेत, आणि त्यांपैकी अनेकांच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘अमुक संस्थेच्या मदतीसाठी’ अशी एक ओळ छापलेली असते. ती वाचून मला आनंद होतो आणि थोडी धास्तीही वाटते. सातारा जिल्ह्यातील एका लहान गावात चालणाऱ्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्राचा मी खजिनदार आहे. त्यामुळे अशा मदतीकडे मी पैसे घेणाऱ्याच्या बाजूने पाहतो. माझे म्हणणे थोडक्यात असे की, एखाद्या संस्थेला हातभार लावण्यासाठी महोत्सव भरवायचा असेल, तर त्याचा पैसा प्रेक्षकांच्या खिशातून थोडा थोडा आलेला असावा, चित्रपट करणाऱ्याला त्याचे मानधन मिळालेले असावे आणि उरलेली रक्कम गावाला हिशेब दाखवूनच संस्थेच्या हाती पडावी. सध्या बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालते.

प्रवेश विनामूल्य ठेवला जातो. खर्च पतसंस्था, सराफी पेढी, बांधकाम व्यावसायिक, शिकवणी वर्ग अशा प्रायोजकांकडून उभा केला जातो आणि तो मंडप, फ्लेक्स, ध्वनिव्यवस्था, पाहुण्यांचा प्रवास, स्मृतिचिन्हे आणि शाल-श्रीफळ यांवर बव्हंशी संपतो. दीपप्रज्वलन आणि मान्यवरांची मनोगते लांबल्यामुळे पहिला चित्रपट तासभर उशिरा सुरू होतो. मग दुपारच्या सत्रातले दोन लघुपट गाळले जातात आणि त्यांचे दिग्दर्शक मागच्या रांगेत बसून ते ऐकून घेतात. समारोपाला संस्थेच्या अध्यक्षांना मंचावर बोलावून पुठ्ठ्याचा एक भला मोठा धनादेश दिला जातो. छायाचित्रासाठी तो चांगला असतो. बँकेत वटणाऱ्या धनादेशासाठी मात्र संस्थेने पुढे फोन करत राहायचे असते. आयोजकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. अंदाजपत्रक करताना संस्थेचा वाटा शेवटच्या ओळीत लिहिला जातो आणि वरच्या ओळी वाढत गेल्या की शेवटची आपोआप आक्रसते, एवढेच.

आमच्यासारख्या केंद्रांना कोणत्या पैशाची गरज असते, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. मांडीचे हाड मोडलेल्या आजींना वॉकर लागतो, पक्षाघात झालेल्या माणसाला डोक्याकडची बाजू वर करता येणारा फाउलर बेड लागतो, अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी लागते; आणि ही साधने काही आठवड्यांसाठी किंवा महिन्यांसाठीच लागत असल्याने ती विकत घेण्यापेक्षा अनामत रक्कम भरून नाममात्र भाड्याने नेणे कुटुंबाला परवडते. नवी व्हीलचेअर द्यायला दाते मिळतात, कारण तिच्या पाठीवर वडिलांच्या स्मरणार्थ चार ओळी रंगवता येतात. पण वॉकरच्या चारही पायांचे रबरी बूट झिजतात, आणि ते वेळेवर बदलले नाहीत तर गुळगुळीत फरशीवर वॉकर सटकून आधीच मोडलेले हाड पुन्हा मोडायची वेळ येते. हवेच्या गादीचा पंप बंद पडतो. बेडचे डोके वर करायची दांडी फिरेनाशी होते. करोनाच्या साथीत देणगी म्हणून आलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचे फिल्टर बदलावे लागतात. गोदामाचे भाडे, बेड पोहोचवणाऱ्या टेम्पोचे पैसे, एका मदतनीसाचा पगार हे खर्च दर महिन्याला ठरलेले असतात. रबरी बुटांवर कुणाचे नाव घालता येत नाही, म्हणून ते कुणी देत नाही. अशा संस्थेला ज्यावर कुणाच्याही नावाची पाटी नाही असा, थोडा पण दरवर्षी येणारा पैसा हवा असतो, आणि तिकिटाचा पैसा नेमका तसा असतो.

मदतीच्या खेळाची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. शाळेच्या इमारतीसाठी, वाचनालयासाठी, पूरग्रस्तांसाठी नाटकाचा प्रयोग लावायचा आणि उत्पन्न त्या कामाला द्यायचे, ही आपली जुनी रीत आहे. करमणूक कर असताना धर्मादाय कार्यासाठीच्या प्रयोगांना त्यातून सूट मिळण्याची तरतूदही होती. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. आज शंभर रुपयांपर्यंतच्या चित्रपटाच्या तिकिटावर ५ टक्के कर आहे, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान आयोजकाला सेवेसाठी त्या कराची नोंदणीही सहसा करावी लागत नाही. तेव्हा कराच्या भीतीने तिकीट ठेवत नाही, हे कारण पुढे करण्यात फारसा अर्थ नाही.

त्या जुन्या रीतीतला दोष मात्र आपण विसरू नये. तिकिटांची पुस्तके कार्यकर्त्यांमध्ये वाटली जात आणि ती बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या गळ्यात मारली जात. दुकानदार भिडेखातर पाच-दहा तिकिटे घेई, गल्ल्यात टाकी आणि प्रयोगाला येत नसे. गल्ला भरे आणि पहिल्या चार रांगा रिकाम्या राहत. हे पुढच्या वर्षी पुन्हा करता येत नाही, कारण भीड एकदाच वापरता येते. चित्रपट पाहायचा आहे म्हणून पन्नास रुपये देणारा माणूस पुढच्या वर्षी स्वतःहून येतो, आणि लहान गावातल्या महोत्सवाचे सारे भवितव्य असा प्रेक्षक तयार होण्यावर अवलंबून आहे.

लहान गावात असा प्रेक्षक तयार होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी कर्नाटकातील हेग्गोडूकडे पाहावे. शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातले, सुपारीच्या बागांमधले हे खेडे. तेथे १९४९ मध्ये ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था सुरू झाली आणि पुढे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये तिने स्वतःची फिल्म सोसायटी काढली. ज्या चित्रपटांना शहरातला प्रेक्षकही ‘कळत नाहीत’ म्हणून टाळतो, ते जागतिक अभिजात चित्रपट या मंडळींनी बागायतदारांना, शेतमजुरांना, शाळामास्तरांना दाखवले, आणि चित्रपट रसास्वादाची शिबिरे कन्नडमधून घेतली. १९९१ मध्ये सुब्बण्णांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, आधी गावात नाटक होते, नाटकामुळे लोक होते आणि त्या लोकांसमोर चित्रपट आला. आपल्याकडे आधी तारखा आणि प्रमुख पाहुणे ठरतात, आणि मग प्रेक्षक आणण्यासाठी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना पत्र पाठवून एन.एस.एस.चे विद्यार्थी मागवले जातात.

माझ्या मताविरुद्ध जाणारे एक उदाहरण मीच देतो. उत्तर प्रदेशातील गोरखपूरला २००६ पासून ‘प्रतिरोध का सिनेमा’ या चळवळीचा महोत्सव भरत आला आहे आणि तेथे तिकीट नसते. मात्र तेथे कंपन्यांचे वा सरकारचे प्रायोजकत्वही घेतले जात नाही. लोकांच्या लहान लहान वर्गणीवर तो चालतो. तत्पूर्वी केरळात मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ गटाने गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून पैसे गोळा केले आणि त्यातून १९८६ चा ‘अम्मा अरियान’ हा चित्रपट उभा राहिला. तेव्हा तिकीटच हवे असा माझा हट्ट नाही. दाराशी कुलूपबंद पेटी ठेवा आणि ती रात्री चार लोकांसमोर उघडून मोजा, तेही चालेल. पैसा पाहणाऱ्याचा असावा, हे महत्त्वाचे. ज्याचा पैसा त्याचा महोत्सव, हा व्यवहार कुठेही चुकत नाही. प्रायोजकाचा पैसा असेल तर दोन चित्रपटांच्या मध्ये त्याचे भाषण ऐकावेच लागते.

आता चित्रपट करणाऱ्यांविषयी. ‘चांगल्या कामासाठी आहे’ असे सांगून त्यांच्याकडून चित्रपट फुकट मागायची पद्धत मला अतिशय खटकते. मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला, जेवणाचा आचारी, फ्लेक्स छापणारा, या सर्वांची बिले चुकती होतात. ज्याच्या कामासाठी लोक जमले, त्या एकट्यालाच समाजसेवेची आठवण करून दिली जाते. काही महोत्सव तर लघुपट पाठवणाऱ्यांकडूनच प्रवेश शुल्क घेतात आणि त्या पैशावर मानचिन्हे करतात. स्वतंत्र चित्रपट म्हणजे कोणा मोठ्या निर्मितीसंस्थेचा पाठिंबा नसताना, उसनवारीने, घर किंवा जमीन पणाला लावून केलेले काम असते. भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी आपली शेतजमीन विकली होती, आणि त्या चित्रपटाला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. अशा माणसाकडून फुकट खेळ मागताना आपली जीभ अडखळली पाहिजे. त्याने आपण होऊन मानधन सोडले तर गोष्ट वेगळी. मग हिशेबात ते त्याच्या नावावर देणगी म्हणून दाखवावे.

जानेवारी २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातील सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला, त्याचे आपल्याकडे कौतुक झाले. तो महोत्सव तेव्हा जेथे भरत असे ते अमेरिकेतील युटा राज्यातले पार्क सिटी हे डोंगरातले लहानसे गाव, पूर्वी चांदीच्या खाणींचे. महोत्सव चालवणारी संस्था ना-नफा तत्त्वावरची आहे, कामाला मोठ्या संख्येने स्वयंसेवक असतात आणि तरीही खेळांना तिकीट असते. त्यांचा पैसा आणि आवाका आपल्यापाशी नाही, हे उघड आहे. पण गाव लहान असणे आणि काम ना-नफा असणे ही तिकीट न ठेवण्याची कारणे होऊ शकत नाहीत, एवढे तेथून घेता येईल. मराठी गावात घडणारी गोष्ट परदेशातल्या गावात तिकीट काढून पाहिली जाते आणि आपल्या तालुक्यातल्या पडद्यावर तिला आठवडाभर खेळ मिळवायला झगडावे लागते, हे दुखणे जुने आहे. जे एकपडदा चित्रपटगृह अजून उघडे आहे तेही शुक्रवारच्या मोठ्या चित्रपटाला बांधलेले असते.

पैशाचे गणित मी खजिनदाराच्या सवयीने एकदा कागदावर मांडून पाहिले. समजा ३०० खुर्च्यांचे सभागृह आहे, दोन दिवसांत सहा खेळ आहेत, तिकीट ५० रुपये आहे आणि दर खेळाला १८० माणसे आली. जमा ५४,००० रुपये. सभागृहाचे भाडे १०,००० रुपये, प्रोजेक्टर आणि ध्वनिव्यवस्थेचे ८,००० रुपये, प्रत्येक खेळामागे चित्रपटाचे मानधन २,००० म्हणजे १२,००० रुपये, छपाई-चहापाणी-किरकोळ ४,००० रुपये. एकूण खर्च ३४,००० रुपये. उरले २०,००० रुपये. हा आकडा पाहून कुणी नाक मुरडेल. पण आमच्यासारख्या केंद्राच्या वॉकरचे रबर, गाद्यांचे पंप आणि गोदामाचे काही महिन्यांचे भाडे त्यात भागते, आणि ‘लाखोंची मदत’ असा मथळा छापून प्रत्यक्षात काहीच न येण्यापेक्षा ते कितीतरी बरे. याच गणितात सत्कार, स्मृतिचिन्हे आणि पाहुण्यांचा मुक्काम घाला, म्हणजे ते वीस हजार कुठे जातात हे वेगळे सांगायला नको.

नियमांची बाजू आयोजकांनी आधीच समजून घ्यावी, कारण त्यात गफलत झाली तर नाव संस्थेचे खराब होते. सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपटाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागते. महोत्सवांना केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून यातून सूट मिळू शकते, पण ती आधी अर्ज करून, चित्रपटांची माहिती देऊन मिळवावी लागते आणि ती अव्यावसायिक प्रदर्शनासाठी असते. त्यामुळे तिकीट ठेवणाऱ्या लहान महोत्सवाने प्रमाणपत्र असलेलेच चित्रपट निवडणे सोपे. सभागृहात चित्रपट दाखवण्यासाठी जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. ज्याच्याकडे हक्क आहेत त्याची लेखी परवानगी हवी. घरच्या ओटीटी खात्यावरून किंवा विकत घेतलेल्या डीव्हीडीवरून जाहीर खेळ करता येत नाही, मग तो कितीही पुण्यकर्मासाठी असो. आणि नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कारणासाठी पैसे गोळा करायचे असतील तर, गणेशोत्सव मंडळे घेतात तशी, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालील परवानगी धर्मादाय कार्यालयाकडून घ्यावी लागते. तिकीट ही देणगी नव्हे, हेही प्रेक्षकाला सांगावे. त्याच्या पावतीवर देणगीची प्राप्तिकर सवलत मिळत नाही. त्याहून अधिक कुणाला द्यायचे असेल तर संस्थेने त्याची वेगळी पावती फाडावी, आणि दोन हजारांवरची रोख देणगी असेल तर ती सवलत जाते याची आठवणही द्यावी.

येथे एक मागणी नगरपरिषदांकडे आहे. बहुतेक नगरपरिषदांच्या नाट्यगृहांचे आणि सभागृहांचे दर लग्नसमारंभ आणि व्यावसायिक कार्यक्रम डोळ्यासमोर ठेवून ठरलेले असतात. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी होणाऱ्या चित्रपट-खेळाला निराळा, परवडणारा दर ठरवावा आणि त्याच्या बदल्यात जमाखर्चाची प्रत महिन्याच्या आत नगरपरिषदेला द्यावी, अशी अट घालावी. वरच्या गणितात भाडे निम्मे झाले तर संस्थेला मिळणारी रक्कम एकदम पाव पटीने वाढते. जिल्हा प्रशासनानेही या परवानग्यांसाठी एकच खिडकी ठेवली, तर शिक्षक, परिचारिका, दुकानदार अशी आपापली कामे सांभाळून महोत्सव भरवणारी मंडळी चार कार्यालयांचे उंबरे झिजवण्यातून सुटतील.

सभागृहाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या केंद्राच्या मदतीसाठी झालेला एक कार्यक्रम पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात होता आणि तेथे लिफ्ट नव्हती. आमच्याच केंद्राची व्हीलचेअर वापरणारे एक गृहस्थ तो पाहायला आले होते. त्यांना चौघांनी खुर्चीसकट उचलून जिन्याने वर नेले आणि कार्यक्रम संपल्यावर पुन्हा तसेच खाली आणले. ते काही बोलले नाहीत, पण पुन्हा कधी आले नाहीत. सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा असाव्यात, हे २०१६ च्या कायद्यानेच सांगितले आहे. निदान मदतीच्या महोत्सवाने तळमजल्याची, उताराची सोय असलेली जागा शोधावी आणि रांगेच्या कडेला दोन-तीन व्हीलचेअर मावतील एवढ्या खुर्च्या काढून ठेवाव्यात. मराठी उपशीर्षके असलेल्या प्रती मिळाल्या तर कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांनाही त्या पाहता येतात.

याला जोडून चित्रपटांच्या निवडीविषयी. मदत रुग्णसाहित्य केंद्राला आहे म्हणून आजारपणाचेच चित्रपट दाखवावेत, वृद्धाश्रमाला आहे म्हणून म्हाताऱ्या आईबापांची परवड दाखवावी, असा एक समज आयोजकांमध्ये पक्का बसलेला दिसतो. मग दोन दिवस पडद्यावर रडारड चालते आणि मध्येच लाभार्थ्यांना मंचावर बोलावून त्यांची कहाणी सांगायला लावतात. कृपया असे करू नये. वॉकर नेणाऱ्या माणसाने अनामत भरलेली असते, भाडे दिलेले असते; तो याचक नाही आणि गावात त्याला सगळे ओळखतात. चित्रपट चांगले निवडा, विनोदीही निवडा, मुलांसाठी एक सकाळचा खेळ ठेवा, आणि संस्थेची माहिती मध्यंतरात पाच मिनिटांत, कुणाचेही नाव न घेता सांगा. दाराबाहेर एक टेबल मांडून त्यावर झिजलेला आणि नवा असे दोन रबरी बूट शेजारी ठेवले, तरी लोकांना समजायचे ते समजेल.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक विनंती. अशा महोत्सवाच्या उद्घाटनाचे छायाचित्र आपण छापता, ते छापावेच. त्यासोबत आपल्या तालुका प्रतिनिधींनी आयोजकांना महिन्याभराने जमाखर्च मागावा आणि किती तिकिटे गेली, चित्रपटांना काय दिले, संस्थेला काय पोहोचले, या तीन आकड्यांची चार ओळींची बातमी द्यावी. आमच्या केंद्रासाठी पुढे कधी असा महोत्सव झाला, तर त्याचे आकडे मी स्वतः आपल्याकडे पाठवीन.

आपला विश्वासू,
एक वाचक, जि. सातारा